कल्याणचें बंदर आणि इटलीचें मद्य

उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण हें एके काळीं दूरदेशींच्या नावाड्यांस ठाऊक असलेलें बंदर होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा अनाम ग्रीक भाषिकानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शकांत 'कल्लिएना' म्हणून त्याचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथांत बारिगाझा, म्हणजे आपलें भडोच, येथें उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तींत पहिलाच जिन्नस मद्य. आणि तेंही मुख्यत्वें इटलीचें, असें लेखक आवर्जून सांगतो.

मद्यासारख्या जिनसेला देशाचें नांव कां जडावें? याचें उत्तर इटलींतील एका लहानशा डोंगराजवळ मिळतें. नेपल्सच्या उत्तरेस मासिको डोंगराच्या परिसरांत 'फालेर्नियन' हें रोमन लोकांचें नामांकित मद्य होत असे. प्लिनी लिहितो कीं, माथ्यावरच्या द्राक्षांचें तें कौकिनियन, मधल्या उतारावरचें फौस्तियन आणि पायथ्याचें फालेर्नियन! रुचीनेंही त्याचे तीन प्रकार: कडक, गोड आणि हलकें. शेजारीं रोकामोन्फिना हा विझलेला ज्वालामुखी. त्याच्या राखेची माती आणि जवळच समुद्राचा वारा. या भूमीच्या मद्याला इटलीनें १९८९ मध्यें 'फालेर्नो देल मासिको' या नांवानें कायद्याचें संरक्षण दिलें. पांढऱ्या मद्यास फालांगीना, तांबड्यास आग्लियानिको व पिएदिरोस्सो हीं द्राक्षें तेथें वापरतात. प्रिमितीवो द्राक्षाचें मद्य निराळें करतात.

हें मद्य दोन कानांच्या निमुळत्या रांजणांतून जहाजावर चढे. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथें व्हीलर यांनीं १९४५ मध्यें केलेल्या उत्खननांत अशा रांजणांचीं खापरें निघालीं. हिंदुस्थानांत सांपडलेल्या अशा कांहीं खापरांत नेपल्सच्या परिसरांतील ज्वालामुखीची काळी वाळू ओळखूं आली आहे. मद्य केव्हांच संपलें. परंतु माती आपलें गांव सांगत राहिली.

मग कल्याणला असे रांजण उतरले काय? 'पेरिप्लस' म्हणतो कीं, थोरल्या सरगनाच्या काळीं कल्याण ही रीतसर पेठ होती. पुढें तें संदनाच्या हातीं गेलें आणि व्यापारास अडथळा झाला. चुकून तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही सावली होय, असें अनेक अभ्यासक मानतात. राजे भांडले, आणि बंदराच्या तोंडचा घास दुसऱ्या बंदरानें नेला.

म्हणून कोंकणच्या किनाऱ्यावर लांबट रांजणाचा तुकडा दिसला कीं त्यास रोमन म्हणण्याची घाई करूं नये. पूर्वीं रोमन समजलीं गेलेलीं पुष्कळ खापरें इराणच्या आखाताकडील, आंतून डांबर लावलेल्या रांजणांचीं असल्याचें अलीकडच्या संशोधनानें दाखविलें आहे. आकार फसवितो, माती सहसा फसवीत नाहीं.

कल्याणच्या थोरवीस मात्र उसन्या रांजणाची गरज नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचीं दानें नोंदलेलीं आहेत. परकी जहाजें वळविलीं गेलीं, तरी गांवाची पत कांहीं वळवितां आली नाहीं. मद्याप्रमाणेंच माणसांनींही आपल्या गांवाचें नांव आपल्या नांवापुढें लाविलें, आणि तें दगडावर कोरलेलें आजही वाचतां येतें.