तहानंतरचे मृत्यू

शाळेत आपण इतिहास शिकलो तो लढायांचा आणि तहांचा. तहाची कलमे पाठ झाली की प्रकरण संपत असे. उत्तर आयर्लंडचा अलीकडचा इतिहासही बहुधा असाच सांगितला जातो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांत उसळलेला संघर्ष, साडेतीन हजारांहून अधिक बळी, आणि १० एप्रिल १९९८ रोजी झालेला ‘गुड फ्रायडे’ करार. प्रकरण समाप्त. मात्र याच कालखंडातील आत्महत्यांचे आकडे आम्ही वाचू लागलो, तेव्हा हा शेवट शेवट वाटेनासा झाला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात एक चकित करणारे निरीक्षण नोंदवले. युद्धे आणि राजकीय उलथापालथी यांच्या काळात आत्महत्या वाढत नाहीत, उलट घटतात. क्रांत्यांचे १८४८ हे वर्ष आणि १८७०–७१ चे फ्रान्स-जर्मनी युद्ध ही त्याची उदाहरणे. त्याची मीमांसा अशी, की संकटात माणसे एकवटतात आणि समूहाशी नाते घट्ट झाले की व्यक्ती आपल्या दुःखात एकटी उरत नाही.

बेलफास्टने जणू याचा पडताळा दिला. एच. ए. लायन्स या मनोविकारतज्ज्ञांचा अभ्यास १९७२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९–७० च्या दंगलींच्या काळात शहरात नैराश्याचे रुग्ण घटले, आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. खून मात्र झपाट्याने वाढले. त्याच वेळी, तुलनेने शांत असलेल्या काउंटी डाउनमध्ये पुरुषांमधील नैराश्य वाढलेले आढळले. लायन्स यांचा तर्क दुर्खीमहून निराळा होता. आक्रमकतेला बाहेर वाट मिळाली की ती आत वळत नाही, असे त्यांनी सुचवले.

येथे थांबलो तर हिंसा मनाला मानवते, असा भयंकर निष्कर्ष हाती येईल. तो टाळण्यासाठी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, नोंदीची. आत्महत्या हा तेथे १९६६ पर्यंत कायद्याने गुन्हा होता, आणि धर्माच्या दृष्टीने कलंकही. अशा समाजात कागदावरचा आकडा पुष्कळदा लाजेनेही घडतो. दुसरी गोष्ट काळाची. लायन्स यांनी पाहिली ती दोन वर्षे. दुःखाचा हिशेब दोन वर्षांत पुरा होत नाही.

तो पुढे झाला. क्वीन्स विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ माइक टॉमलिन्सन यांनी २०१२ साली दाखवून दिले, की करारानंतरच्या दशकात आत्महत्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. त्यातही सर्वाधिक प्रमाण होते ते हिंसाचाराच्या सर्वांत तीव्र काळात, म्हणजे १९७० च्या आसपास, ज्यांचे बालपण गेले त्या पिढीत. एकट्या १९७२ मध्ये सुमारे ४८० माणसे मारली गेली होती. तेव्हा जी मुले खिडकीतून रस्ता पाहत होती, ती चाळिशीच्या उंबरठ्यावर आल्यावर कोसळू लागली. रस्त्यावरची हिंसा थांबली, तसे तिने बांधून ठेवलेले समूहाचे कवचही सैल झाले.

संघर्षातील बळींपेक्षा करारानंतरच्या आत्महत्या अधिक, हे वाक्य आता वारंवार लिहिले जाते. ते धक्का देते, पण सैल आहे. संघर्षाच्या काळातही आत्महत्या होतच होत्या, आणि मृत्यूंच्या वर्गीकरणाचे निकष मधल्या काळात बदलले आहेत. शिवाय उत्तर आणि पश्चिम बेलफास्टच्या ज्या वस्त्यांनी सर्वाधिक हिंसा सोसली, त्याच दारिद्र्यानेही गांजलेल्या आहेत. कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यातले एकच उपसून काढता येत नाही.

तरीही एक धागा आम्हांला महत्त्वाचा वाटतो, तो मौनाचा. शेमस हीनी यांच्या १९७५ च्या ‘नॉर्थ’ या संग्रहातील एका कवितेच्या शीर्षकाचा आशय असा, की काहीही बोला, पण सांगू काहीच नका. जिथे नावावरून धर्म आणि धर्मावरून शत्रू ठरतो, तिथे गप्प राहणे हाच जगण्याचा उपाय असतो. पुढे भय सरते, पण सवय उरते. आणि वडिलांनी न सांगितलेले मुलांपर्यंत पोहोचतच नाही, असे नव्हे. लायरा मॅकी ही बेलफास्टची तरुण पत्रकार. युद्धविरामाच्या छायेत वाढलेल्या आपल्याच पिढीच्या आत्महत्यांवर तिने २०१६ साली लेख लिहिला. एप्रिल २०१९ मध्ये डेरी शहरातील दंगलीत गोळी लागून तिचाच मृत्यू झाला. ज्या हिंसेला ‘इतिहास’ म्हटले जात होते, ती पुरती इतिहासजमा झालेली नव्हती.

आपण साहित्य शिकवणारी माणसे. कथा कोठे संपवली यावरून कथनकाराची दृष्टी ओळखावी, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. दंगलीचा इतिहासही त्याच कसोटीवर वाचायला हवा. संचारबंदी उठली, करार झाला, मृतांची यादी लागली, म्हणजे गोष्ट संपली असे मानणे हीही एक निवडच आहे. त्या यादीत कधीच न येणारी नावे तीस वर्षांनी, बंद दारामागे, एकेकटी गळतात. इतिहासाने त्यांची मोजदाद करताना घाई करू नये, आणि त्यांना वगळूही नये.