‘ग्रेटफुल डेड’चे श्रोते : लोकांनीं राखलेला एक इतिहास

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि बखरी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु सामान्य माणसें जो इतिहास आपल्या हातांनीं लिहितात, जपतात आणि मोबदल्याची अपेक्षा न धरतां एकमेकांस देतात, त्याची दखल घेणारे विरळा. अशाच एका इतिहासाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. ती अमेरिकेंतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडच्या श्रोत्यांची आहे. हा बँड १९६५ पासून १९९५ पर्यंत तीस वर्षें गात-वाजवीत राहिला, आणि त्या अवधींत त्यानें २,३०० हून अधिक जलसे केले. यांपैकीं कोणत्या रात्रीं, कोणत्या गांवीं, कोणतें गाणें कितव्या क्रमानें झालें, याचा हिशेब आज मिळूं शकतो. तो कोणा सरकारी दप्तरानें ठेविला नाहीं. मुख्यतः श्रोत्यांनींच ठेविला.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. कॅलिफोर्नियांतील पालो अल्टो येथें जमलेल्या या तरुण वादकांनीं आरंभीं आपल्यास ‘वॉरलॉक्स’ असें नांव घेतलें होतें. १९६५ च्या अखेरीस नवें नांव शोधण्याची वेळ आली, तेव्हां गिटारवादक जेरी गार्सिया यानें सहकारी फिल लेश याच्या घरीं एक कोश सहज उघडला आणि ‘ग्रेटफुल डेड’, म्हणजे ‘कृतज्ञ मृत’, हे दोन शब्द त्याच्या नजरेस पडले. हें एका फार जुन्या लोककथेचें नांव आहे. कोणी प्रवासी वाटेंत एक बेवारशी प्रेत पाहतो, पदरचा पैसा वेंचून त्यास मूठमाती देतो, आणि पुढें संकटकाळीं तोच मृत मनुष्य सोबत्याच्या रूपानें येऊन त्याचें रक्षण करितो, असा तिचा आशय आहे. गॉर्डन हॉल जेरोल्ड या विद्वानांनीं १९०८ मध्यें या कथेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला व तींत आणि तोबीताच्या ग्रंथांत असलेल्या साम्याचा विचार केला. निनिवे नगरींत मृतांना मूठमाती देणारा तोबीत, आणि त्याच्या पुत्रास वाटेंत लाभलेला सोबती राफाएल, हे आपल्या वाचकांस सुपरिचितच आहेत. जो गेलेल्याची आठवण राखतो त्याचें ऋण फिटल्यावांचून राहत नाहीं, हें त्या कथेचें सार. बँडनें तें नांव घेतलें तें केवळ योगायोगानें. परंतु त्याच्या श्रोत्यांनीं तें खरें करून दाखविलें, असें आम्हांस वाटतें.

आतां इतक्या रात्रींचा हिशेब ठेवावा असें कोणास कां वाटावें? याचें उत्तर या बँडच्या वाजविण्याच्या रीतींत आहे. इतर मंडळी तबकडीवर जें गाणें गात तेंच रंगमंचावर गात. येथें तसें नव्हतें. कोणतीं गाणीं व्हावयाचीं हें बहुधा आधीं ठरलेलें नसे. एका गाण्यांतून दुसऱ्यांत वाट काढीत वादक पुढें जात, आणि आपल्याकडील गवयी जसा राग रोज नव्यानें मांडतो तसें एकच गाणें दर रात्रीं निराळें रूप घेई. ‘डार्क स्टार’ हें गाणें १९६८ मध्यें लहान तबकडीवर निघालें, तेव्हां तें तीन मिनिटेंसुद्धां पुरतें नव्हतें. १९६९ च्या ‘लाइव्ह/डेड’ या जलशांतील ध्वनिमुद्रणांत तेंच तेवीस मिनिटांवर गेलें. अर्थात् आज ऐकलें तें उद्यां ऐकावयास मिळणार नाहीं हें श्रोत्यांस पक्कें ठाऊक होतें. जी वस्तु परत मिळावयाची नाहीं तिचीच टिपणें माणूस जपून ठेवितो.

१९७१ मध्यें बँडनें काढलेल्या एका तबकडीच्या वेष्टणावर श्रोत्यांस आपलें नांव व पत्ता कळविण्याची विनंति छापली होती. तिला उत्तरें येऊं लागलीं आणि विखुरलेल्या चाहत्यांचा एक समाजच उभा राहिला. त्यास ‘डेडहेड’ हें नांव पडलें. कांहीं जण वहीमध्यें गाण्यांचा अनुक्रम टिपून घेत. कांहीं जण ध्वनिमुद्रणाचें यंत्र कपड्यांत लपवून आंत नेत. मग फितींची देवाणघेवाण सुरू झाली. १९७४ मध्यें या फिती जमविणाऱ्यांसाठीं ‘डेड रेलिक्स’ नांवाचें पत्रक निघालें. व्यवहाराचा नियम सोपा होता : फीत विकावयाची नाहीं. नवख्यानें कोऱ्या फिती व परतीचा टपालखर्च पाठवावा, आणि ज्याच्याजवळ संग्रह असेल त्यानें प्रत काढून द्यावी. प्रतीवरून प्रत काढतां काढतां खरखर वाढत जाई; म्हणून आपली प्रत मूळ फितीपासून कितव्या पिढीची आहे हें प्रामाणिकपणें सांगण्याची चाल पडली. आपल्याकडे घराण्याची वंशावळ सांगतात तशीच ही फितींची वंशावळ होय.

बँडनें या उद्योगास मनाई केली नाहीं. उलट, मायक्रोफोनच्या उंच दांड्यांमुळें ध्वनियोजकासच रंगमंच दिसेनासा झाला, तेव्हां ऑक्टोबर १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणारांसाठीं निराळी जागा व निराळीं तिकिटें ठेवण्यांत आलीं. १९८७ मध्यें चाहत्यांनीं ‘डेडबेस’ या नांवाचा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्यांत जलशांच्या तारखा, स्थळें आणि गाण्यांचे अनुक्रम ओळीनें दिलेले आहेत. हें सर्व काम पदरमोड करून हौशी माणसांनीं केलें.

हे श्रोते एकत्र जमले म्हणजे ज्या आठवणी निघतात त्यांतल्या कांहीं येथें देण्यासारख्या आहेत. २७ ऑगस्ट १९७२ रोजीं ऑरेगॉन प्रांतांतील व्हेनेटा येथें ‘स्प्रिंगफील्ड क्रीमरी’ या अडचणींत सांपडलेल्या दुग्धालयाच्या मदतीसाठीं जलसा झाला. त्या दिवशींचें रणरणतें ऊन, आणि दुग्धालयाच्या दह्याच्या लेबलांवर छापलेलीं तिकिटें, हीं त्यांच्या बोलण्यांत हटकून येतात. सप्टेंबर १९७८ मध्यें १४, १५ व १६ या तारखांस ईजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशीं जलसे झाले, आणि शेवटच्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण लागलें, हेंही ते सांगतात. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोंतील विंटरलँड नाट्यगृह बंद होण्याच्या रात्रीं कोणी तरी एक फलक लाविला होता. त्या शहरांत ‘डार्क स्टार’ वाजून १,५३५ दिवस लोटले, असा त्यावर हिशेब होता. आम्हीं १८ ऑक्टोबर १९७४ पासून दिवस मोजून पाहिले. बेरीज तंतोतंत जुळते. त्या रात्रीं तें गाणें वाजलें. ‘सेंट स्टीफन’ या गाण्याचीही अशीच कथा आहे. १९७९ नंतर तें बंद पडलें, ऑक्टोबर १९८३ मध्यें तीन वेळां परत आलें, आणि मग पुढील बारा वर्षें लोक वाट पाहत राहिले तरी तें पुन्हां झालें नाहीं.

कोणी म्हणेल, असल्या बारीकसारीक माहितीचा उपयोग काय? आमचें म्हणणें असें कीं, तारखेच्या खुंटीवांचून आठवण टांगावयास जागा नसते. ‘फार वर्षांपूर्वीं एकदां मोठा जलसा झाला’ ही नुसती गोष्ट झाली. दिवस, स्थळ आणि क्रम कळला कीं दुसरा श्रोता तिला दुजोरा देऊं शकतो किंवा तींतली चूक दाखवूं शकतो. स्मृतीचा इतिहास होतो तो येथें.

मात्र इतिहासाची फसगत कशी होते हेंही याच श्रोत्यांनीं दाखविलें आहे. न्यूयॉर्क प्रांतांतील इथाका येथें कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्यें ८ मे १९७७ रोजीं झालेला जलसा पुष्कळांच्या मतें सर्वश्रेष्ठ होय. मे महिना असून त्या रात्रीं बर्फ पडला, ही आठवण तेथें हजर असलेले अद्याप सांगतात. परंतु त्याच महिन्यांतील दुसरे जलसे ऐकलेले जाणकार विचारतात कीं, ही रात्र खरोखर एवढी निराळी होती काय? तिच्या कीर्तीचें एक कारण असें कीं, बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रक बाईंनीं तिची अत्यंत स्वच्छ फीत घेतली होती आणि तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या. जें नीट टिकतें तेंच पुढें थोर ठरतें. ज्या रात्रींची फीत खराब झाली ती कदाचित् तितकीच सुंदर असेल. पण तिची बाजू मांडणार कोण?

त्या फितींची कथाही बोधप्रद आहे. बाईंच्या अडचणीच्या काळांत, १९८६ मध्यें, ज्या कोठारांत त्यांच्या फिती ठेविल्या होत्या तेथील सामान लिलावांत निघालें, आणि तो अमोल संग्रह भलभलत्या हातीं विखुरला. पुढें चाहत्यांनीं त्यांतील पुष्कळ फिती हुडकून काढल्या, दुरुस्त केल्या, त्यांच्या प्रती केल्या. कॉर्नेलच्या जलशाचें ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचींत २०११ सालच्या निवडींत दाखल केलें, आणि २०१७ मध्यें तें रीतसर प्रसिद्ध झालें. लिलावांत गेलेली वस्तु राष्ट्राच्या ठेव्यांत जमा झाली ती श्रोत्यांमुळें. डिक लॅटव्हाला हा असाच एक वेडा संग्राहक. त्यास बँडनें आपल्या फितींच्या भांडाराचा रक्षकच नेमिलें, व १९९३ पासून त्याच्या निवडीचे जलसे ‘डिक्स पिक्स’ या मालेंत निघूं लागले. १९९९ मध्यें तो वारला.

सत्य सांगावयाचें तर काळी बाजूही सांगितली पाहिजे. या मंडळींत मादक द्रव्यांचा शिरकाव आरंभापासूनच होता, आणि गार्सियाचें आयुष्य त्यांनींच पोखरलें. शेवटच्या वर्षांत गर्दी अनावर झाली. २ जुलै १९९५ रोजीं इंडियाना प्रांतांतील डियर क्रीक येथें तिकिटें नसलेल्या लोकांनीं कुंपण मोडून आंत प्रवेश केला, आणि दुसऱ्या दिवशींचा जलसा रद्द करावा लागला. ज्या वस्तूवर आपलें प्रेम आहे तीच आपल्या झुंडीनें तुडविली जाऊं शकते, हा धडा त्या दिवशीं श्रोत्यांस मिळाला. ९ जुलै १९९५ रोजीं शिकागो येथें शेवटचा जलसा झाला, आणि ९ ऑगस्टला वयाच्या ५३ व्या वर्षीं व्यसनमुक्तीच्या एका आश्रमांत गार्सियाचें देहावसान झालें.

मृत्यूनंतर ठेव्याच्या मालकीचा वाद उभा राहिला. चाहत्यांनीं जमविलेलीं हजारों ध्वनिमुद्रणें ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या सार्वजनिक संग्रहांत सर्वांस मोफत उतरवून घेतां येत. नोव्हेंबर २००५ मध्यें तीं एकाएकीं बंद झालीं. श्रोते संतापले, निषेधाच्या अर्जावर हजारों सह्या पडल्या, बँडमध्येंही एकमत नव्हतें. थोड्याच दिवसांत तडजोड झाली : श्रोत्यांनीं आपल्या मायक्रोफोनवर घेतलेलीं मुद्रणें पुन्हां खुलीं झालीं, बँडच्या ध्वनियंत्रावरून घेतलेलीं मात्र केवळ ऐकण्यापुरतीं राहिलीं. गाणें गाणाराचें, हें खरें. पण ऐकल्याची आठवण कोणाची? आमच्या मतें ज्यांनीं ती तीस वर्षें फुकट वांटली त्यांचा तिच्यावर कांहीं तरी हक्क असलाच पाहिजे. २००८ मध्यें बँडनें आपलें दप्तर सांता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठास दिलें. त्यांत श्रोत्यांचीं पत्रें व त्यांनीं सजविलेले लिफाफेही जपून ठेविले आहेत. ही योग्य कृतज्ञता होय.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. बँडचा तालवादक मिकी हार्ट यानें उस्ताद अल्लारखां यांच्याकडून तबल्याचे धडे घेतले, आणि त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन यांच्याशीं त्याचें जन्माचें सख्य जुळलें. झाकीर हुसेन हे माहीमच्या सेंट मायकेल शाळेचे व पुढें सेंट झेवियर महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९७६ ची ‘दिगा’ आणि १९९१ ची ‘प्लॅनेट ड्रम’ हीं त्या मैत्रीचीं फळें. दुसरीस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. १५ डिसेंबर २०२४ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथेंच ते निवर्तले. गार्सियाच्या रक्षेचा कांहीं अंशही ४ एप्रिल १९९६ रोजीं हृषीकेश येथें गंगेंत विसर्जित झाला.

गाणारे गेले, वाजविणारे पांगले. रात्री मात्र राहिल्या, कारण ऐकणारांनीं त्या लिहून ठेविल्या, एकमेकांशीं पडताळून पाहिल्या आणि मागेल त्यास दिल्या. वाचकहो, आपल्या घरांतही अशा वह्या, पत्रें, फिती आणि वृद्धांच्या आठवणी पडून असतील. त्यांवर तारीख घाला, नांवें लिहा, आणि कुलपांत न ठेवितां दुसऱ्यास प्रत द्या. कोठारांत कोंडलेला संग्रह लिलावांत गेला. घरोघर वांटलेला टिकला. एवढेंच सांगून आम्ही लेखणी खालीं ठेवितों.