इंग्रजी व्याकरण : शिकणाऱ्यांच्या शंका व नियमांचा इतिहास

इंग्रजी शिकणाऱ्यांना व्याकरणाविषयी व नित्याच्या शब्दप्रयोगांविषयी पडणाऱ्या शंका दोन प्रकारच्या असतात. काही भाषेच्या जडणघडणीतून उद्भवतात, तर काही वैयाकरणांनी घातलेल्या निर्बंधांतून. या दोहोंतील भेद इंग्रजी व्याकरणाच्या इतिहासावरून स्पष्ट होतो.

इंग्रजीचे पहिले छापील व्याकरण विल्यम बुलोकर याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केले. त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धर्तीवर होती. जॉन वॉलिस (१६१६–१७०३) याने परकीय अभ्यासकांची गरज ओळखून १६५३ मध्ये लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. मात्र इंग्रजीवर लॅटिनचा साचा लादण्यास त्याचा विरोध होता. साध्या भविष्यकाळी प्रथम पुरुषात ‘शॅल’ व अन्यत्र ‘विल’ हा नियम त्याच्या ग्रंथामुळे रूढ झाला. आज ‘विल’ तिन्ही पुरुषी चालते. ‘शॅल’ मुख्यत्वे संमती विचारणाऱ्या प्रश्नांत व कायद्याच्या भाषेत आढळते.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवण्याबद्दल जॉन ड्रायडन याने १६७२ मध्ये बेन जॉन्सनला दोष दिला. रॉबर्ट लाउथ (१७१०–८७) याने १७६२ च्या आपल्या व्याकरणात ही रचना बोलण्यात स्वाभाविक, पण गंभीर लेखनास कमी शोभणारी ठरविली. दोन नकारांनी होकार होतो, असेही त्याने प्रतिपादिले. वस्तुतः चॉसर व शेक्सपिअर यांच्या लेखनात दुहेरी नकार जोर देण्यासाठी आलेला आहे. आजच्या प्रमाण इंग्रजीत मात्र तो त्याज्य मानतात. लिंडली मरी याच्या १७९५ च्या पाठ्यपुस्तकाने असे नियम शाळाशाळांतून पोहोचविले. ‘टू’ आणि क्रियापद यांमध्ये क्रियाविशेषण घालू नये, हा निर्बंध तर एकोणिसाव्या शतकातला. संदिग्ध वा कृत्रिम वाक्यापेक्षा अशी रचना बरी, असे हेन्री फाउलर याने १९२६ मध्ये दाखवून दिले.

याउलट, प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांत ‘डू’ का येते, ही शंका मूलगामी आहे. हा प्रयोग सुमारे पंधराव्या ते अठराव्या शतकांत स्थिरावला. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’सह व ‘डू’विना असे दोन्ही प्रकार आढळतात. काळाची खूण ‘डिड’ने धारण केल्यावर मुख्य क्रियापद मूळ रूपात राहते, म्हणून ‘डिड नॉट वेंट’ अशुद्ध ठरते. ‘अॅन’ हे उपपद ‘एक’ या अर्थाच्या शब्दापासून आले असून व्यंजनापूर्वी त्यातील नकार लोपला. हा भेद उच्चारावर अवलंबून असतो, लिपीवर नव्हे. म्हणूनच ‘अॅन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’. मराठीत अशी उपपदे नसल्याने मराठी भाषकांना त्यांचा वापर विशेष अवघड वाटतो.

जपानमध्ये अध्यापन करणाऱ्या ए. एस. हॉर्नबी (१८९८–१९७८) याने अशाच शंका समोर ठेवून सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकिओत प्रसिद्ध झाला. कोणती नामे गणनीय आणि कोणत्या क्रियापदाची वाक्यरचना कशी, हे त्यात दर्शविले होते. मराठीत एखाद्या गोष्टी‘विषयी’ चर्चा करतात. त्या वळणाने ‘डिस्कस अबाउट’ असे म्हटले जाते. इंग्रजीत हे क्रियापद सरळ कर्म घेते, ही माहिती अशा कोशात मिळते.

नियमाचा उगम कळला, की कोणता काटेकोरपणे पाळावयाचा व कोणता प्रसंगानुसार, हे ठरविता येते. अन्यथा निर्दोष वाक्याचे गुण कापले जातात आणि खऱ्या चुकीचे कारण विद्यार्थ्यास अज्ञातच राहते.