निजामी नोंदवही ते जिल्हाधिकारी कार्यालय : जालन्यातील तृतीयपंथी

जालना जिल्हा 1981 साली झाला. त्याआधी हा मुलूख औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांत आणि 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या तृतीयपंथीयांसाठीचा कायदा मुंबईत नव्हे, हैदराबादेत ठरला.

1329 फसली, म्हणजे इ.स. 1919 मध्ये संस्थानाने नपुंसकांविषयीचा कायदा केला. नमुना ब्रिटिशांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवेल त्या गावी गुन्ह्याचा संशय असलेल्या नपुंसकांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती बायकी वेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, नाचली वा वाजवू लागली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. बधाईला, म्हणजे शुभप्रसंगी घरोघरी नाचगाणे करून दान मागायला, जाणाऱ्यांच्या पोटावरच हा पाय होता. सोळा वर्षांखालील मुलाला घरात ठेवणे हाही गुन्हा. नपुंसक कोण, हे कबुलीवरून किंवा वैद्यकीय तपासणीवरून ठरे.

मराठवाड्यात याच काळात गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन तुळजाभवानीचा जोगवा मागणारे आराधी दारोदार फिरत. त्यांत लुगडे नेसणारे पुरुषही असत. देवीच्या नावाने नेसलेले लुगडे गावाला चाले. त्याच्या पलीकडचे फारसे नाही.

1951 मध्ये भारतीय दंड संहिता, आणि तिच्यासोबत समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारे कलम 377, इथे लागू झाली. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. निजामी कायदा मात्र तेलंगणात कागदावर उरला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो थेट 2023 मध्ये घटनाबाह्य ठरवला!

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात 40,891 जण नोंदले गेले. दारात उभ्या प्रगणकाला घरच्यांसमोर खरे किती जणांनी सांगितले असेल, याचा विचार करता हा आकडा अपुराच मानावा लागतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी ओळख मान्य केली. 2018 मध्ये प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. समलिंगी विवाहाला मात्र 2023 मध्ये मान्यता नाकारली गेली.

2019 च्या कायद्याने ओळखपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले आणि 2020 च्या नियमांनी त्यासाठी शपथपत्र पुरेसे मानले, तपासणीची अट ठेवली नाही. पण याच कायद्यात कुटुंब म्हणजे रक्ताचे, विवाहाचे वा दत्तकाचे नाते. तृतीयपंथीयांच्या गुरू-चेला परंपरेत म्हातारपणी गुरूला सांभाळणारा चेला त्या व्याख्येत बसत नाही.