पत्त्यापासून टाचणीपर्यंत

आजचा वीकांत जिओकोडिंगसाठी. नाव जड आहे, काम रोजचंच आहे. तुम्ही अ‍ॅपमध्ये पत्ता टाइप करता आणि नकाशावर लाल टाचणी पडते. या दोन गोष्टींच्या मधे कुठेतरी एक सर्व्हर पत्त्याचे अक्षांश-रेखांश शोधून देतो, त्याला जिओकोडिंग म्हणायचं. आपल्यापैकी अनेकांनी ही सेवा एखाद्या प्रोजेक्टमध्ये चार ओळींचा कोड लिहून वापरलेली असते आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही बघितलेलं नसतं.

गूगलच्या जिओकोडिंग एपीआयचं उत्तर एकदा पूर्ण उघडून बघा. अक्षांश-रेखांशांच्या शेजारी 'लोकेशन टाइप' नावाचं एक फील्ड असतं. त्यात चारपैकी एक शेरा येतो: रूफटॉप, रेंज इंटरपोलेटेड, जिओमेट्रिक सेंटर, अ‍ॅप्रॉक्झिमेट. पहिला आला तर नेमकं घर सापडलं. शेवटचे दोन म्हणजे 'त्या भागाचा मध्यबिंदू घ्या आणि भागवा'. मला गंमत वाटते ती दुसऱ्याची. हा शेरा म्हणजे एक जीवाश्म आहे, आणि तो सापडतो थेट १९६० च्या दशकातल्या अमेरिकन जनगणनेत.

झालं असं. तोपर्यंत जनगणनेचा माणूस दारोदार फिरायचा. आपण कुठल्या ब्लॉकमध्ये उभे आहोत हे त्याला पायाखालीच कळायचं. १९७० च्या जनगणनेसाठी मात्र ठरलं की शहरांमधून फॉर्म पोस्टाने पाठवायचे आणि लोकांनी भरून पोस्टानेच परत करायचे. म्हणजे ऑफिसात येणार नुसते पत्ते. अमुक रस्ता, घर नंबर १५०. हे घर कुठल्या ब्लॉकमध्ये मोजायचं, ते आता संगणकाला कळायला हवं होतं.

यासाठी न्यू हेवन शहरात १९६७ च्या आसपास प्रयोग झाले आणि त्यातून 'डाइम' नावाची पद्धत निघाली. तिच्यामागची गणिती कल्पना जेम्स कॉर्बेट या जनगणना खात्यातल्या गणितज्ञाची. कल्पना इतकी साधी आहे की आज कुणी मुलाखतीत सांगितली तर आपण 'हो, ग्राफ आहे' म्हणून पुढे जाऊ. रस्त्याचा एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा तुकडा म्हणजे एक नोंद. तिच्यात दोन टोकांचे बिंदू, डावीकडचा ब्लॉक, उजवीकडचा ब्लॉक, आणि दोन्ही बाजूंच्या घर नंबरांची सुरुवात व शेवट. बस. एकच रेषा दोन प्रकारे लिहिलेली असल्यामुळे (टोकं जोडणारी आणि ब्लॉक वेगळे करणारी) एकीवरून दुसरी तपासता येते. एखाद्या ब्लॉकभोवती फिरून रेषा पूर्ण जुळली नाही, तर समजायचं की डेटा भरणाऱ्याने घोळ घातलाय. हाताने भरलेल्या प्रचंड डेटातल्या चुका संगणकाने स्वतः पकडाव्यात म्हणून केलेली ही सोय होती, आणि माझ्या मते डाइमचा खरा पराक्रम तोच.

आता घर नंबर १५० कुठे? समजा उजव्या बाजूला १०० ते १९८ असे सम नंबर आहेत. १५० म्हणजे ९८ पैकी ५० पावलं, साधारण एक्कावन्न टक्के. रेषेवर तेवढं अंतर चाला, जरा उजवीकडे सरका, टाचणी मारा. कॉलेजात लॉग टेबल वापरलेल्यांना मधली किंमत काढणं आठवत असेल, तेच हे. रेंज दिलेली आहे, मधलं इंटरपोलेट केलं. त्या रस्त्यावर १५० नंबरचं घर खरंच आहे की नाही, हे या गणिताला माहीतच नसतं. शिवाय रेंज १९८ पर्यंत लिहिलेली असली तरी घरं १६० ला संपलेली असू शकतात, मग सगळ्या टाचण्या रस्त्याच्या एकाच टोकाला गोळा होतात.

डाइमची पुढची पिढी म्हणजे १९९० च्या जनगणनेसाठी तयार झालेलं 'टायगर'. त्यात सगळ्या देशाचे रस्ते आले. आणि अमेरिकन केंद्र सरकारने तयार केलेल्या कामावर तिथे कॉपीराइट नसतो! ही फाइल कुणीही घ्यावी, कुणीही विकावी, कुणीही फुकट वाटावी. पुढे जी काही नकाशांची बाजारपेठ उभी राहिली तिच्या पायात हे दगड आहेत. ब्रिटनमध्ये उलट होतं. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे पैसे मोजून, अटी मान्य करून घ्यावे लागत. त्या वैतागातून २००४ साली स्टीव्ह कोस्टने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं: जीपीएस घेऊन स्वतःच रस्ते फिरा आणि काढा.

आता येतो २००५ चा फेब्रुवारी, म्हणजे गूगल मॅप्स. रासमुसेन बंधूंच्या सिडनीतल्या छोट्या कंपनीचा हा प्रोग्रॅम, मुळात डेस्कटॉपवर चालणारा. गूगलने २००४ मध्ये कंपनी विकत घेतली आणि तो ब्राउझरमध्ये आणला. नकाशा चौकोनी फरशांमध्ये कापलेला. माउसने ओढला की नव्या फरशा पान रिफ्रेश न होता येतात. तोवर नकाशावर बाण दाबला की पूर्ण पान नव्याने लोड व्हायचं, त्यामुळे हे बघून प्रोग्रॅमर मंडळी वेडीच झाली. एपीआय वगैरे काही नव्हतं. पॉल रॅडमाकर या प्रोग्रॅमरने जावास्क्रिप्ट उलगडून वाचलं आणि क्रेगलिस्टवरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती नकाशावर टाकून हाउसिंगमॅप्स बनवलं. पाठोपाठ एड्रियन होलोवाटीने शिकागोतले गुन्हे नकाशावर मांडले. गूगलने खटले भरण्याऐवजी जून २००५ मध्ये अधिकृत एपीआय काढला, आणि रॅडमाकरला पुढे नोकरी दिली.

पण या पहिल्या एपीआयमध्ये जिओकोडिंग नव्हतं. टाचणी मारता यायची, कुठे मारायची ते तुम्ही सांगायचं. लोक मग टायगरच्या डेटावर चालणाऱ्या जिओकोडर डॉट यूएससारख्या सेवांकडून अक्षांश-रेखांश आणत आणि गूगलच्या नकाशावर चिकटवत. म्हणजे नकाशा खाजगी कंपनीचा आणि पत्त्यांचं गणित सरकारी जनगणनेचं. गूगलने स्वतःचं जिओकोडिंग दिलं ते जून २००६ मध्ये.

आता जरा पुण्याला येऊ. हे सगळं गणित आपल्या पत्त्यांना लावायला गेलं की काय होतं?

पेठांमध्ये घर नंबर असतो, पण तो पेठेचा असतो, रस्त्याचा नसतो. नंबर वाढतात, पण गल्लीच्या रेषेने वाढतीलच असं नाही. उपनगरांत तर आणखी मजा. 'स. नं. ४५/२/१' असा पत्ता कोथरूड, वाकड, हडपसर, कुठेही दिसेल. यातला 'सर्व्हे' म्हणजे कुठला सर्व्हे? तर जमीन महसुलाचा. पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली शेतसाऱ्याची आकारणी फसली. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी सुरू केली. तेहतीस फुटी साखळी, साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. गावातल्या प्रत्येक शेताला नंबर. तो सर्व्हे नंबर. वाटण्या झाल्या की हिस्सा नंबर. पुढे शेत एनए झालं, बिल्डर आला, सोसायटी झाली, कमानीवर 'हाइट्स' लागलं, पण पत्त्यात शेताचा नंबर राहिला.

म्हणजे न्यू हेवनमध्ये पत्ता हा रेषेवरचा बिंदू होता, आणि आपल्याकडे पत्ता म्हणजे वावर! ४४ आणि ४६ च्या मधे ४५ असेल अशी कुठलीही खात्री नाही. इथे इंटरपोलेशन करायचं तरी कशात? सर्व्हे नंबर सापडायला शेताची हद्द हवी, म्हणजे गावनकाशा हवा. तो महसूल खात्याकडे आहे, महाभूनकाशाच्या साइटवर गावागणिक बघताही येतो. फक्त तो टायगरसारखा उचलून आपल्या सर्व्हरवर टाकावा असा कधी दिला गेला नाही.

बाकी आपण खुणांवर चालतो. मारुतीच्या देवळासमोर, जुन्या जकात नाक्याजवळ. जकात केव्हाच गेली, नाका पत्त्यात आहे. गूगललाही हे उमगलं, आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी भारतात रस्ता सांगताना खुणा सांगायला सुरुवात केली.

आणि पिनकोड? तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृत कवीही. सहा आकडे: पहिला विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल वर्गीकरणाचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. टपालाची थैली कुठे पाठवायची हे तो अचूक सांगतो. थैली उघडल्यावर पुढचं काम पोस्टमनच्या डोक्यात. आपण पोस्टमनचं डोकं सोडून फक्त थैलीवरचा आकडा संगणकात घेतला.

जिओकोडरला पत्ता कळला नाही की तो काय करतो? गप्प बसत नाही. कॉलनी, ती नाही तर पिनकोड, तोही नाही तर शहर, अशी एकेक पायरी खाली उतरतो आणि त्या भागाचा मध्यबिंदू देतो. शेऱ्यात प्रामाणिकपणे 'अ‍ॅप्रॉक्झिमेट' लिहितो. पण अक्षांश-रेखांश मात्र दशांशानंतर सात आकडी! ते सात आकडे बघून सगळ्यांचा विश्वास बसतो. घरपोच औषधांच्या एका प्रोजेक्टमध्ये मी काम करत होतो, तेव्हा नकाशावर एका टाचणीखाली ढीगभर पत्ते सापडले. तिथे होती एक सोसायटी, जिचा त्यातल्या एकाही ऑर्डरशी संबंध नव्हता. तिचा गुन्हा एवढाच की ती पिनकोडच्या मधोमध होती. वॉचमन काका म्हणाले, "रोज कुणी ना कुणी येतंच हो. मी आता पाटीच लावणार आहे." तिकडे खरा पेशंट फोनवर डिलिव्हरीवाल्याला सांगतोय, देवळापाशी या.

याची मोठी आवृत्ती अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये घडली. मॅक्समाइंड ही कंपनी आयपी अ‍ॅड्रेसवरून ठिकाण सांगते. 'अमेरिकेत आहे, कुठे ते माहीत नाही' अशा आयपींसाठी त्यांनी देशाच्या मध्याजवळचा गोळाबेरीज बिंदू धरला: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तिथे एक शेतघर निघालं. २०१६ मध्ये ही बातमी फुटली तेव्हा साठ कोटींहून जास्त आयपी त्या एका बिंदूवर होते. वर्षानुवर्षं त्या घरी पोलीस, कर खात्याची माणसं आणि फसवले गेलेले संतप्त लोक येत राहिले, कारण त्यांच्या स्क्रीनवर चोर तिथे राहत होता. नंतर कंपनीने तो बिंदू उचलून एका तलावात नेऊन ठेवला.

आता पैशांकडे. एपीआय फुकट होता तोवर हा प्रश्न कुणाला पडला नाही. २०११ मध्ये गूगलने नकाशासाठी दिवसाला २५,००० लोडची मर्यादा जाहीर केली, तेव्हा फोरस्क्वेअरसारखे लोक ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटाकडे वळले. दर उतरले, गोंगाट शमला. मग आला २०१८ चा जुलै. क्रेडिट कार्ड जोडल्याशिवाय काही चालेना. महिन्याला २०० डॉलरची सूट, हजार नकाशांना ७ डॉलर, म्हणजे पूर्वी दिवसाला २५,००० मिळायचे ते आता महिन्याला सुमारे २८,०००. मर्यादेवरच्या हजार पत्त्यांच्या जिओकोडिंगला अर्धा डॉलर पडायचा, तिथे ५ डॉलर. दहापट! २०२४ च्या ऑगस्टपासून भारतासाठी वेगळे, बरेच कमी दर आले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये २०० डॉलरची सूट जाऊन प्रत्येक सेवेला वेगळा फुकट कोटा आला.

मला दरापेक्षा अटी खुपतात. मिळालेले अक्षांश-रेखांश तीस दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नाहीत. म्हणजे तुमच्याच ग्राहकाचा तुमच्याच माणसाने तपासलेला पत्ता, पण त्याची टाचणी भाड्याची. २००८ मध्ये भारतात मॅप मेकर आलं तेव्हा किती हौशी लोकांनी आपल्या गावचे रस्ते रात्र रात्र बसून काढले! २०१७ मध्ये ते बंद झालं. काढलेले रस्ते गूगलकडे राहिले. तीच मेहनत ओपनस्ट्रीटमॅपवर केली असती तर आज कुणीही वापरू शकलं असतं. तिथलं नॉमिनॅटिम हे जिओकोडर तुम्ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकता, फक्त भारतातले पत्ते त्यात विरळ आहेत. कारण पुन्हा तेच, पायात टाकायला दगड नाहीत.

अलीकडे, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, डाक विभागाने डिजिपिन आणला. देशावर एक चौकोन, त्याचे चार गुणिले चार असे सोळा तुकडे, प्रत्येकाचे पुन्हा सोळा, असं दहा वेळा. दहा अक्षरांत साधारण चार मीटरचा चौकोन मिळतो. सूत्र खुलं आहे, पंधरा मिनिटांत कोड लिहून होतो, मी लिहून बघितला. इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण हा अक्षांश-रेखांशांपासून सुरू होतो. औषधवाल्या अ‍ॅपमध्ये आजी टाइप करणार आहेत 'स. नं. ४५, हिस्सा २, मारुतीच्या मागे', आणि त्या ओळीपासून त्या दहा अक्षरांपर्यंत नेणारा तक्ता अजून कुणीतरी भरायचाच आहे.