घराजवळचा रानपिंगळा

दुर्मिळ पक्षी पाहावयाचा म्हणजे हिमालय गाठला पाहिजे, अशी समजूत आम्हां शहरवासीयांत रूढ आहे. घराजवळच्या रानात पाहण्यासारखे काय असावयाचे, असे विचारणाऱ्यांस रानपिंगळ्याचा इतिहास सांगावा.

पिंगळा कोणास ठाऊक नाही? पहाटे दारी येणारा पिंगळा जोशी त्याच्याच बोलीवरून भविष्य वर्तवितो. रानपिंगळा हा त्याचाच भाऊबंद. परंतु डोक्यावर ठिपके फारच अंधुक, आणि जातीने घुबड असूनही दिवसाउजेडी शिकार करणारा. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे प्रथम वर्णन केले व नमुना मिळविणाऱ्या ब्लेविट यांचे नाव त्यास दिले. पुढे डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्यास तो खानदेशात मिळाला. १८८४ नंतर मात्र तो जणू अंतर्धान पावला.

मध्यंतरी कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस तो मिळाल्याची नोंद केली होती. पामेला रासमुसेन या विदुषींनी त्या नमुन्याचे टाके व आतील भरण बारकाईने तपासले, तेव्हा निराळाच प्रकार उघडकीस आला. तो डेव्हिडसन यांचाच जुना नमुना. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, चिठ्ठी बदललेला! ही नोंद बाजूस सारून रासमुसेन व त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या मूळ ठिकाणी हिंडले. पूर्वेकडील राने निष्फळ ठरली. परंतु २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, भर उजेडात, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

याहून नवल पुढेच आहे. २०१४ साली हाच पक्षी ठाणे जिल्ह्यातील तानसाच्या अभयारण्यात आढळला. ज्या तलावाचे पाणी मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या पितात, त्याच्याच काठच्या सागवानात हा दुर्मिळ जीव नांदत होता. पाहणारा डोळा तेवढा हवा होता.

या छंदाचा खरा आनंद आम्हांस येथे दिसतो. पक्षी दिसणे हा दैवाचा भाग. परंतु दिसले तेवढेच, दिसले तेथेच आणि दिसले त्याच दिवशी टिपून ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. एका कर्नलाच्या खोट्या चिठ्ठीने दिशाभूल केली. डेव्हिडसनच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी शतकानंतर वाट दाखविली. सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर वही घेऊन जाणाऱ्याने एवढे स्मरणात ठेवले, म्हणजे दुर्मिळ असे काही न दिसताही त्याची फेरी फुकट जाणार नाही.