प्रवराकाठची मळई : गाळ आणि निचरा



नदीकाठच्या जमिनीला आपण मळई म्हणतो, कोणी पोयट्याची जमीन म्हणतो. तिचा भाव नेहमीच चढा. पण ती चांगली का, असे विचारले तर उत्तर येते, "गाळ आहे ना तिच्यात!" हे उत्तर अर्धेच खरे आहे. गाळ तर तलावाच्या तळालाही असतो, पण तिथे पाणी साचून राहते. मळईत गाळ आहे आणि त्यातून पाण्याचा निचराही होतो. यातला निचरा गेला तर काय होते, हे आपल्या नगर जिल्ह्याने, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याने, प्रवराकाठी पाहिले आहे. तोच इतिहास आज सांगायचा आहे.

ही माती आली कोठून?

प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते आणि अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे करीत प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. वरच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो. खाली श्रीरामपूर-नेवाशाकडे मात्र वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर, म्हणजे 20 इंचांच्या आसपास. वरचे पाणी काळ्या पाषाणाची झीज घेऊन खाली येते आणि पुरात काठ ओलांडते.

आता गंमत पाहा. काठ ओलांडला की पाण्याचा वेग मोडतो. मग जड कण काठालगतच खाली बसतात, म्हणजे बारीक रेती आणि पोयटा. चिकणमातीचे अतिबारीक कण तरंगत दूर जातात आणि सखल भागात बसतात. म्हणून काठालगतची पट्टी थोडी उंच, भुसभुशीत आणि निचऱ्याची होते, तर मागची सखल जमीन भारी आणि चिकट होते. पोयट्याचा कण वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा मोठा असतो, सुमारे 0.002 ते 0.02 मिलिमीटर. त्यामुळे जादा पाणी खाली निघून जाते आणि पिकापुरती ओल धरून राहते. पावसानंतर वाफसा लवकर येतो.

प्रवरेच्या दोन्ही तीरांवरचे गाळाचे जाड थर हजारो वर्षांत साचलेले आहेत. ते एका-दोन पुरांचे काम नव्हे.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी

संगमनेर तालुक्यातील जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद आणि नेवासे ही तिन्ही गावे प्रवराकाठची. जोर्व्याला 1950-51 साली आणि नेवाशाला 1954 ते 1956 या काळात उत्खनन झाले. दायमाबादला भारतीय पुरातत्त्व खात्याने 1958-59 साली आणि पुढे 1974 ते 1979 या काळात उत्खनन केले. 1974 साली तिथे सापडलेले तांब्याच्या धातूचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा पुष्कळांना ठाऊक आहेत. आपल्या कामाची गोष्ट मात्र वेगळी. तिथल्या थरांत सातू, मसूर, वाटाणा यांचे जळालेले दाणे मिळाले. इसवी सनापूर्वी हजार-दीड हजार वर्षे इथे धान्य पिकत होते.

त्या लोकांकडे लोखंडी फाळ नव्हता. भारी काळी जमीन फोडायला लोखंडी नांगर आणि बैलांच्या जोड्या लागतात. नदीकाठचा पोयटा हलक्या अवजारानेही मोकळा होतो. काठावर वस्ती करण्यात पाण्याची सोय तर होतीच, पण नरम मातीचीही सोय होती, असे मानायला जागा आहे.

कालवा आला, मीठ फुटले

भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांना हुकमी पाणी मिळाले. ऊस वाढला. 1950 साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. जिल्ह्याचे नशीब पालटले, हे कोणी नाकारणार नाही.

पण पाणी वरून आले तसे खालूनही वर आले. कालव्याचा पाझर आणि उसाला दिलेले भरमसाट पाणी यांमुळे सखल जमिनी चिबड झाल्या, पुढे खारवट आणि चोपण झाल्या. हे नवे नव्हते. निरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुणे कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांची पुस्तिका 1910 सालीच निघाली होती. 1938 साली जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी निरा उजवा आणि प्रवरा कालव्यांखालील जमिनींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी मातीचा वरचा थरच नव्हे, तर खालचे थरही पाहून वर्गवारी केली. कालव्याखाली जमीन टिकेल की बिघडेल, हे खालच्या थरांवर ठरते.

मळईवाल्यांनी इथे सावध व्हावे. दिव्याची वात तेल वर ओढते, तसा पोयटा खालचे पाणी वर ओढतो. खालचे पाणी खोल असेल तोवर त्याचा त्रास नाही. तेच पाणी चार-पाच फुटांवर आले की हाच पोयटा खारे पाणी पृष्ठभागापर्यंत आणतो. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते.

आता नवी भर नाही

वरच्या भागातला बराचसा गाळ आता धरणांत अडतो. तिकडे गोदावरीवर 1976 साली जायकवाडी झाले आणि नेवासे-शेवगाव भागातील नदीकाठची कसदार जमीन पाण्याखाली गेली. आजोबांच्या काळी पूर थोडी माती नेई, थोडी आणून टाकी. आज नेतो पुष्कळ, आणतो थोडे. वीटभट्टीला ट्रॉलीभर पोयटा विकला की चार पैसे लगेच हातात येतात, पण ती माती नदी आपल्या हयातीत परत आणून देणार नाही. वाळू बेसुमार उपसली की पात्र खोल जाते, काठ ढासळतो आणि ओघळी शेतात शिरतात. प्रवराकाठच्या घळी पाहा, म्हणजे पोयटा पाण्याबरोबर किती सहज वाहतो ते कळेल.

तर मग काय करावे?

1. ओली माती बोटांत चोळून पाहा. पिठासारखी मऊ लागली तर पोयटा, करकरली तर रेती, चिकटून लांब वळी झाली तर चिकणमाती.

2. दोन फूट खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर खाली चिकण थर आहे किंवा खालचे पाणी वर आले आहे.

3. विहिरीच्या पाण्याची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून वहीत लिहून ठेवा. दरसाल वर येत असेल तर मीठ दिसण्याची वाट पाहू नका.

4. जमीन बिघडली असेल तर आधी चर, मग जिप्सम. जिप्सम चोपण जमिनीला लागते, तेही माती परीक्षणाच्या सल्ल्याने. पाण्याला वाट नसेल तर पैसा वाया जातो.

5. मळईला शेणखत, हिरवळीचे खत द्या. नाहीतर पावसाच्या माऱ्याने वर पापडी धरते आणि कोंब अडतो. वाफसा आल्याशिवाय कुळव घालू नका.

6. धरणाचा गाळ मुरमाड, हलक्या रानाला उपकारक आहे. 2017 पासून त्यासाठी 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. पण तो गाळ बहुधा चिकण असतो. निचऱ्याच्या मळईत तो परीक्षणाशिवाय पसरू नका.

7. नदीकडच्या बांधावर गवत आणि झाडे राखा. ओघळीच्या तोंडाशी दगडाचे लहान बांध घाला. ओघळ लहान आहे तोवरच ती आवरते.

माती परीक्षणासाठी नमुना घेताना वरच्या वीतभर मातीचा एक आणि खाली दोन-तीन फुटांवरचा दुसरा, असे दोन वेगळे नमुने घ्या. दोन्ही पिशव्यांवर गट नंबर आणि खोली लिहा. ते घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे या, अहवाल आला की बसून बोलू.